कवटी लहान म्हणजे मादी नव्हे: कोल्हा, खोकड, मुंगूस, रानमांजर यांच्या हाडांवरून वय आणि लिंग कसं ठरवायचं

निफाड-सिन्नरच्या पट्ट्यात ऊसतोडणी सुरू झाली की पाचटाखालून हाडं वर येतात. एखादी कवटी, जबड्याचा अर्धा तुकडा, मांडीचं एकच हाड. तोडणीवाल्याला ते कुत्र्याचं वाटतं, शेतमालकाला बिबट्याच्या बछड्याचं, आणि वनरक्षकाला तर पंचनाम्यात काहीतरी लिहावंच लागतं. अशी हाडं परवानगीने आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आली की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. नर की मादी? वय किती?

प्रश्न ज्या क्रमाने विचारले जातात त्या क्रमाने उत्तरं शोधायला गेलं की चूक होते. आमच्याकडे एका कोल्ह्याच्या कवटीच्या चिठ्ठीवर तीन वर्षं ‘लहान चण, मादी’ असं लिहिलेलं होतं. चिठ्ठी मीच लिहिली होती. पुढे एका विद्यार्थिनीने ती कवटी उलटी धरली आणि तळाचा सांधा अजून उघडा असल्याचं दाखवलं. त्याच पुडक्यात, बरगड्यांच्या तुकड्यांत, शिश्नास्थी, म्हणजे नराच्या शिश्नातलं हाड, पडलेली होती. म्हणजे ती लहान चणीची मादी नव्हती, पुरता न वाढलेला नर होता. त्या दिवसापासून मी एकच क्रम पाळतो आणि शिकवतो: आधी प्राणी कोणता, मग वाढ पूर्ण झाली आहे का, मग लिंग, आणि शेवटी जमलंच तर वर्षं. आकारावरून नर-मादी ठरवणं फक्त पूर्ण वाढलेल्या प्राण्यांत चालतं. म्हणून वाढ पाहिल्याशिवाय लिंगाकडे वळायचं नाही.

ही विद्या मुख्यतः अमेरिका आणि कॅनडात घडली. तिथे फरसाठी मिंक, मार्टेन, रॅकून, बीव्हर हे प्राणी परवाना देऊन पकडले जातात. पकडणाऱ्यांकडून कवट्या, जबडे, दात गोळा होतात, आणि त्यांतली पिल्लं किती, माद्या किती यावरून पुढच्या हंगामाचा अंदाज बांधला जातो. आपल्याकडे असा कायदेशीर व्यवसाय नाही. मात्र मुंगसाच्या केसांचे रंगाचे ब्रश चोरून बनतात आणि त्यासाठी मुंगसं मारली जातात. एरवी आपल्याकडची हाडं बहुतेक महामार्गावरची, विहिरीतली, फाशातली, उसातली. पद्धत मात्र तीच चालते.

हात लावण्याआधी

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मेलेला संरक्षित वन्यप्राणी आणि त्याचे अवयव ही सरकारी मालमत्ता आहे. असं काही ताब्यात आलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. म्हणून सापडलेली कवटी घरच्या शोकेसमध्ये ठेवायची नाही. जागेवरच फोटो काढा, जागा नोंदवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पुढचं सगळं काम लेखी परवानगीनेच करायचं.

याच ओघात सांगतो, जत्रेत ‘कोल्ह्याचं शिंग’ म्हणून केसाळ गोळा विकायला असतो. मी जेवढ्या कोल्ह्यांच्या कवट्या पाहिल्या त्यांतल्या एकीवरही शिंगाचा मागमूस नाही. कोल्ह्याला शिंग नसतंच. ती वस्तू विकत घेऊ नका.

दुसरी गोष्ट आरोग्याची. कोल्हा, मुंगूस, कुत्रा यांना रेबीज होतो. ताज्या मढ्याला, विशेषतः डोक्याला, उघड्या हाताने हात लावायचा नाही. तुमचा कुत्रा त्याला तोंड लावून आला असेल तर त्याचाही विचार करा. खरचटलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठायचा. सुकलेली, उन्हात पांढरी पडलेली हाडं तुलनेने सुरक्षित असतात. तरीही हातमोजे घाला, आणि हाड घासताना उडणारी धूळ नाकात जाऊ देऊ नका.

उचलताना काय हरवतं

बहुतेक माहिती इथेच हातची जाते. मोठी हाडं सगळेच उचलतात. वय आणि लिंग सांगणारे तुकडे मात्र बोटाच्या पेराएवढे असतात: सुटलेले सुळे, हाडांच्या टोकांच्या सुट्या टोप्या, आणि शिश्नास्थी. ही शिश्नास्थी इतर कुठल्याही हाडाला जोडलेली नसते, पोटाखालच्या मांसात नुसती बसलेली असते. मांस गेलं की ती खाली पडते किंवा घोरपड, कावळे, कुत्री ओढाओढ करताना लांब जाते. म्हणून सांगाडा उचलल्यावर त्याच्या खालची आणि आसपासची हातभर माती पिठाच्या नव्हे, रवा-गव्हाच्या चाळणीतून चाळा. काळ्या मातीची ढेकळं आधी पाण्यात विरघळवून मग चाळावी लागतात, कोरडी चाळली तर दात ढेकळातच राहतात.

साफ करताना उकळू नका. उकळल्याने चरबी हाडात मुरते, दात तडकतात आणि जेमतेम जुळलेली टोकं सुटून येतात. नंतर ‘टोक उघडं होतं’ की ‘आपण उघडलं’ हे कळत नाही. झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात हाडं बुडवून ठेवायची आणि दर काही दिवसांनी थोडं पाणी चाळणीवरून ओतून बदलायचं. नाशिकच्या उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांत मांस सुटतं, थंडीत दुप्पट वेळ धरा. वास येतो, म्हणून बादली घरापासून लांब ठेवा. दुसरा मार्ग म्हणजे मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी शिवून वाळूच्या कुंडीत पुरणं. काळ्या मातीत पुरू नका. ती हाडाला डाग पाडते आणि उन्हाळ्यात भेगाळताना हाडालाही चिरा पाडते. शेवटी भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात चरबी काढायची. ब्लीच वापरायचं नाही, त्याने हाड खडूसारखं भुसभुशीत होतं. वाळवायचं तेही सावलीत. एप्रिलच्या उन्हात ठेवलेला सुळा उभा चिरतो.

प्राणी कोणता

याचा पूर्ण खुलासा इथे करत नाही, पण दातांची संख्या पहिला फाटा पाडते. कुत्रा, कोल्हा, खोकड, लांडगा यांना ४२ दात असतात. मुंगूस, कस्तुरी मांजर आणि उदमांजर यांना ४०. पाणमांजराला ३६, तरसाला ३४. मांजर, रानमांजर आणि बिबट्या यांना ३०. दात गळाले असतील तर खाचा मोजा. एका दाताला दोन-तीन मुळं, म्हणजे दोन-तीन खाचा असू शकतात, हे लक्षात ठेवून मोजा.

खोकडाची कवटी तळहातावर मावते, कोल्ह्याची मावत नाही. अवघड फरक कोल्हा आणि गावठी कुत्रा यांच्यातला. कुत्र्याचं कपाळ नाकाच्या मुळाशी ठळक उंचावतं, कोल्ह्याचं बरंच सपाट जातं. कोल्ह्याच्या वरच्या पहिल्या दाढेला बाहेरच्या बाजूने ठसठशीत कड असते. एका खुणेवर निर्णय देऊ नका. शंका असेल तर ‘श्वानकुळातला, आकार कोल्ह्याएवढा’ असं लिहून थांबा. चुकीच्या प्राण्याचं अचूक वय काढून कुणाचाच उपयोग होत नाही.

वाढ झाली आहे का: लांब हाडं

मटण खाणाऱ्या प्रत्येक नाशिककराने वाढीची खूण पाहिलेली आहे, फक्त तिला नाव दिलेलं नसतं. कोवळ्या बोकडाची नळी चोखताना टोकाची टोपी अलगद सुटून हातात येते, आणि खालचा पृष्ठभाग खडबडीत, लाटालाटांचा दिसतो. जून बोकडात ती टोपी सुटत नाही. हीच गोष्ट कोल्ह्यात, मुंगसात, बिबट्यात होते. लांब हाडाचं मधलं दांडकं आणि दोन्ही टोकांच्या टोप्या यांच्यामध्ये कूर्चेची चकती असते. वाढ तिथे होते. वाढ संपली की चकतीचं हाड होतं आणि टोपी दांडक्याला कायमची जुळते.

प्रत्येक टोकाच्या तीन अवस्था लिहायच्या. उघडं: टोपी सुटी आहे, किंवा हरवली आहे पण तिची लाटालाटांची जागा दिसते. जुळतंय: टोपी बसली आहे, पण भोवती रेघ किंवा भेग दिसते. जुळलं: रेघ पुसली गेली आहे. रेघ पाहायला खोलीतला दिवा पुरत नाही. मोबाइलची टॉर्च हाडाला जवळजवळ समांतर धरा, मग सावली पडून रेघ उठते.

एक फसवणूक वारंवार होते. कुत्र्यांनी चघळलेलं हाड टोक नसलेलं दिसतं आणि लोक त्याला ‘उघडं’ म्हणतात. नीट पाहा. खरोखर उघड्या टोकाचा पृष्ठभाग सलग असतो, उंचसखल पण बंद. चघळलेल्या टोकाला आतलं जाळीदार हाड उघडं पडलेलं असतं आणि कडेला दातांचे खड्डे असतात. उन्हाने तडकलेलं हाड आणखी निराळं दिसतं, तिथे चिरा हाडाच्या लांबीच्या दिशेने जातात. जुळण्याची रेघ आडवी असते.

सगळी टोकं एकाच वेळी जुळत नाहीत, आणि हाच आपल्या कामाचा गाभा आहे. पाळीव कुत्र्यात क्रम असा असतो. खांद्याच्या पात्याचा सांध्याकडचा उंचवटा आणि कमरेच्या हाडातला खुब्याचा खळगा साधारण ४ ते ७ महिन्यांत जुळतो. दंडाच्या हाडाचं कोपराकडचं टोक ५ ते ८ महिन्यांत. पुढच्या पायाच्या हाडांची कोपराकडची टोकं ६ ते ११ महिन्यांत. मांडीच्या हाडाचा खुब्याकडचा गोळा आणि नडगीचं घोट्याकडचं टोक यांना ७-८ महिने ते वर्ष लागतं. मनगटाकडची आणि गुडघ्याभोवतीची टोकं वर्षाच्या आसपास बंद होतात. दंडाच्या हाडाचं खांद्याकडचं टोक त्यांच्याही मागून, १० ते १५ महिन्यांत. कमरेच्या हाडाची वरची कड सर्वांत शेवटी, कधी दोन वर्षांनी.

हे महिने पाळीव कुत्र्याचे आहेत. कोल्हा आणि खोकड कुत्र्याचे भाऊबंद असल्याने क्रम उपयोगी पडतो, महिने मात्र जसेच्या तसे घ्यायचे नाहीत. मी त्यांच्याकडे क्रम म्हणूनच पाहतो: कोपर जुळलंय, मनगट उघडं, खांदा उघडा. एवढं लिहिलं की वय आपोआप एका पट्ट्यात येतं.

रानमांजरासाठी कुत्र्याचा हिशेब लावलात तर हमखास फसाल. मांजरकुळात काही टोकं फार उशिरा जुळतात. घरच्या मांजराचं कोपर चारेक महिन्यांत जुळतं, पण मनगटाकडचं टोक १४ ते २२ महिने घेतं आणि खांद्याकडचं दीड-दोन वर्षं. वर्षाचं, पिल्लं घालू शकणारं मांजर हाडांवरून अर्धवट वाढलेलं दिसतं. म्हणून मांजरांच्या बाबतीत ‘उघडं म्हणजे पिल्लू’ असं लिहू नका.

सराव करायचा तर वन्यप्राण्यांवर नको, कुत्र्या-मांजरांच्या हाडांवर करा. पशुवैद्यकाकडे वय माहीत असलेले प्राणी असतात. तिथे मालकाच्या संमतीने एखादा सांगाडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. फक्त निर्बीजीकरण कधी झालं होतं ते विचारा, कारण लहानपणी निर्बीज केलेल्या प्राण्यात टोकं उशिरा जुळतात. भटक्या कुत्र्याच्या कानाला खाच असेल तर त्याचं निर्बीजीकरण झालेलं आहे एवढं नक्की.

वाढ झाली आहे का: कवटी आणि दात

कवटी उलटी धरा. मानेच्या मोठ्या छिद्राच्या पुढे, तळाच्या मध्यरेषेत, एका ओळीत दोन आडवे सांधे आहेत. मागचा आधी बंद होतो, कुत्र्यात साधारण ८ ते १० महिन्यांत. पुढचा बराच नंतर. मागचा उघडा असेल तर प्राणी वाढत होता, बाकी कवटी कितीही मोठी दिसो. आमच्या त्या चिठ्ठीची चूक हाच सांधा न पाहिल्यामुळे झाली.

आता कवटी वरून पाहा. डोळ्यांच्या मागून दोन्ही बाजूंनी रेषा निघतात. जबड्याचा मोठा स्नायू या रेषांपर्यंत चिकटलेला असतो. पिल्लात त्या एकमेकींपासून लांब असतात. वय वाढतं, स्नायू वाढतो, तशा त्या मध्याकडे सरकतात आणि मिळाल्या की उभा कंगोरा तयार होतो. कोल्ह्याच्या प्रौढ नरात तो बोटाला ठसठशीत लागतो. अमेरिकेत मार्टेनच्या कवट्यांत याच रेषा किती लांबीपर्यंत मिळाल्या आहेत ते मोजून पिल्लं वेगळी काढतात. पण कंगोरा वयाने वाढतो तसा नरात जास्त वाढतो. त्यामुळे त्याच्यावरून एकाच वेळी वयही आणि लिंगही काढायचं नाही. एक आधी दुसऱ्या खुणेने ठरलेलं असलं पाहिजे.

मुंगसात एक फार सोयीची खूण आहे. प्रौढ मुंगसाच्या डोळ्याची खोबण मागून हाडाच्या पट्टीने बंद झालेली असते, पूर्ण कडं दिसतं. कोवळ्या मुंगसात ती पट्टी अपुरी राहते, दोन टोकं एकमेकांकडे आलेली पण न मिळालेली. मुंगसाची कवटी हातात आली की मी आधी तिथेच पाहतो. पट्टी मोडलेली असेल तर कडा धारदार, तुटक दिसतात. न मिळालेल्या टोकांच्या कडा गोलसर असतात.

दातांचं गणित सात महिन्यांपर्यंत उत्तम चालतं. कुत्र्याचे दुधाचे दात २८. पटाशीचे कायमचे दात साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास, सुळे पाचव्या-सहाव्या महिन्यात, आणि खालची सर्वांत मागची छोटी दाढ सहाव्या-सातव्या महिन्यात येते. दुधाचा सुळा बारीक, अणकुचीदार, सुईसारखा. त्याच्या शेजारी कायमच्या सुळ्याचं टोक वर येताना दिसलं तर वय फार थोड्या आठवड्यांत पकडता येतं. सगळे कायमचे दात आले, एवढ्यावरून मात्र ‘प्रौढ’ लिहायचं नाही. दात पूर्ण आणि मनगट उघडं, हा सात-आठ महिन्यांचा अर्धवाढीचा प्राणी असतो, आणि आमच्याकडे येणाऱ्यांत असे पुष्कळ असतात. आईपासून नुकते सुटलेले, नव्या जागेच्या शोधात रस्ते ओलांडणारे.

हंगामाचा आधार

प्राणी कधी मेला हे माहीत असेल तर जन्माच्या हंगामावरून हाडांचं उत्तर ताडून पाहता येतं. आपल्याकडे कोल्ह्यांची जुगणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, गर्भकाळ ६३ दिवसांच्या आसपास, पिल्लं बहुतेक एप्रिल-मेच्या सुमारास. समजा, नोव्हेंबरात महामार्गावर कोल्हा गाडीखाली आला. त्या वेळी जिवंत असलेले कोल्हे एक तर सहा-सात महिन्यांचे, नाहीतर दीड वर्षाचे किंवा त्याहून मोठे. मधलं वय जवळजवळ कुणाचंच नाही. दंडाच्या हाडाचं खांद्याकडचं टोक सताड उघडं असेल तर तो यंदाचा. जुळलेलं असेल तर आदल्या वर्षाचा किंवा त्याआधीचा. एवढ्या एका हाडावर निर्णय होतो. हाच कोल्हा जूनमध्ये मेला असता तर वर्ष-सव्वा वर्षाचे प्राणीही मैदानात असते आणि त्याच टोकाने इतकं स्वच्छ उत्तर दिलं नसतं.

खोकडाची पिल्लं कोल्ह्याआधी, जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान जन्मतात. मुंगूस वर्षातून एकाहून अधिक वेळा विते, त्यामुळे तिथे हा हिशेब लावू नका. आणि पाचटाखालून निघालेल्या सुट्या हाडांना मृत्यूची तारीखच नसते. तिथे हंगामाचा आधार सोडून द्यायचा.

नर की मादी

निःसंशय पुरावा एकच: शिश्नास्थी. श्वानकुळात ती लांबट, मागे जाड, पुढे निमुळती असते आणि तिच्या खालच्या अंगाला पन्हाळीसारखी खाच असते. मूत्रनलिका त्या पन्हाळीतून जाते. बरगडीचा तुकडा समजून ती फेकली जाते, म्हणून ही पन्हाळ शोधा. बरगडीला दोन चपटे अंग आणि आत जाळी असते, पन्हाळ नसते. पाणमांजराची शिश्नास्थी भक्कम असते. मुंगसाची फार लहान, चाळणीशिवाय मिळणारच नाही. मांजरकुळात ती काही मिलिमीटरची किंवा नुसती कूर्चा, तिच्यावर विसंबू नका. तरसाला ती नसतेच. सशालाही नसते.

ती मिळाली तर वयाचाही दुवा मिळतो. कोवळ्या नरात ती बारीक, हलकी आणि बुडाशी गुळगुळीत असते. पोक्त नरात बूड जाड आणि खरबरीत होतं, वजन ठळक वाढतं. अमेरिकेत रॅकून आणि मिंक यांच्या बाबतीत शिश्नास्थीचं वजन, लांबी आणि बुडाचा आकार यांवरून यंदाचे नर आणि जुने नर वेगळे काढतात. प्रौढ मिंकच्या शिश्नास्थीला बुडाजवळ कंगोरा उठलेला असतो. सोनाराच्या बारीक काट्यावर वजन करा, कॅलिपरने लांबी घ्या. एकाच जातीची दहा-पंधरा हाडं जमली की दोन गट तुमचे तुम्हालाच दिसतील.

आता सर्वांत महत्त्वाचं वाक्य. शिश्नास्थी मिळाली नाही म्हणजे मादी, असं कधीही लिहायचं नाही. न मिळाल्याचा अर्थ ‘मिळाली नाही’ एवढाच. संपूर्ण सांगाडा सावलीत, न हललेल्या अवस्थेत मिळाला, माती चाळली, आणि प्राणी श्वानकुळातला आहे, अशा वेळी ‘बहुधा मादी’ म्हणता येतं. उसातून निघालेल्या अर्ध्या सांगाड्याबद्दल काहीच म्हणता येत नाही.

बाकीच्या खुणा तोलाच्या आहेत, निकालाच्या नाहीत. वाढ पूर्ण झालेली असेल तरच कवटीची लांबी, गालाच्या कमानींमधली रुंदी, सुळ्याची मुळाशी जाडी आणि कंगोऱ्याची उंची मोजा. बिबट्यात नराची कवटी मादीपेक्षा इतकी मोठी असते की प्रौढांत बहुधा गोंधळ होत नाही. मुंगसातही नर ठळक मोठा. कोल्ह्यात फरक इतका थोडा की मोठी मादी आणि लहान नर एकमेकांवर पडतात. एकट्या कवटीवरून मी कोल्ह्याचं लिंग लिहीत नाही. कमरेच्या हाडावरून माणसाचं लिंग कळतं म्हणून इथेही कळेल असं अनेकांना वाटतं, पण माणसाच्या बाळाचं डोकं मोठं आणि वाट अरुंद, म्हणून तिथे फरक ठळक झाला. श्वानकुळातली पिल्लं आईच्या मानाने फार लहान जन्मतात. फरक असतो, पण तो एका हाडावर दिसण्याइतका नसतो.

वर्षं मोजायची असतील तर

वाढ संपली की हाडं गप्प होतात. पुढचं दात सांगतात.

सुटा सुळा हातात घ्या आणि मुळाचं टोक पाहा. कोवळ्या प्राण्यात तिथे नरसाळ्यासारखं भोक असतं. वर्षाच्या आसपास ते मिटत टाचणीच्या टोकाएवढं होतं. एवढं भिंगाने दिसतं, पैसे लागत नाहीत. पुढची पायरी एक्स-रे. ओळखीच्या दंतवैद्याचं छोटं यंत्र पुरतं, अर्थात परवानगीची प्रत बरोबर ठेवून. कोवळ्या सुळ्याची भिंत पातळ आणि आतली पोकळी रुंद, पोकळ नळीसारखी. दरवर्षी आतून थर चढतो आणि पोकळी अरुंद होते. एकाच उंचीवर पोकळीची रुंदी आणि दाताची रुंदी मोजून गुणोत्तर काढा. एका वर्षाच्या आतले आणि त्यापुढचे इतका फरक यातून चांगला कळतो. दोन वर्षांचा की चार वर्षांचा, हे मात्र त्यावरून सांगू नका.

नेमकी वर्षं मोजायची पद्धत मुळावरच्या सिमेंटमच्या, म्हणजे हाडासारख्या कठीण आवरणाच्या, थरांची. झाडाच्या खोडात वर्तुळं दिसतात तशा मुळाच्या बाहेरच्या थरात रेषा पडतात. दात आम्लात मऊ करून, साधारण २० मायक्रॉन जाडीचे काप काढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली रेषा मोजतात. बर्फाळ प्रदेशात हिवाळ्यात वाढ मंदावते आणि गडद रेषा स्पष्ट उठते. आपला निसर्ग वेगळा. चार महिने पाऊस आणि पुढे लांब कोरडा काळ, पण प्राण्याची वाढ गोठवणारा हिवाळा नाही. म्हणून रेषा अंधुक, कधी दुहेरी पडू शकतात. इथल्याच, वय माहीत असलेल्या प्राण्यांच्या दातांशी ताडल्याशिवाय परदेशी हिशेब लावू नये. शिवाय पहिली रेषा कुठल्या वयात पडते, तेही जातीगणिक बदलतं. आणि काप काढला की दात गेला. फोटो, मापं, एक्स-रे झाल्याशिवाय तो देऊ नका.

झीज पाहायची, पण ढोबळ. पटाशीच्या कोवळ्या दाताला तीन टोकांचा ठसा असतो, तो हळूहळू सपाट होतो. सुळे बोथटतात, दाढांचे उंचवटे जाऊन आतला तपकिरी भाग दिसतो. हाडं फोडणारा आणि मातीसकट खाणारा प्राणी लवकर झिजतो. म्हणून ‘न झिजलेले, थोडे, मध्यम, पार झिजलेले’ एवढेच चार गट ठेवा.

नोंद कशी लिहायची

आधी पाहिलेलं, मग निष्कर्ष, आणि दोन्ही वेगवेगळ्या ओळीत. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो: ‘श्वानकुळ, कोल्हा (वरच्या पहिल्या दाढेची कड ठळक, कपाळ सपाट). दात सर्व कायमचे, झीज नाही. सुळ्याचं मूळ उघडं. तळाचा मागचा सांधा उघडा. कोपर जुळलं, मनगट आणि खांदा उघडे. शिश्नास्थी आहे, बूड गुळगुळीत. मृत्यू नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. निष्कर्ष: यंदाचा नर, अंदाजे सहा ते आठ महिने.’ प्रत्येक खुणेचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून घ्यायचा. डावं-उजवं लिहायचं. जे हाड मिळालं नाही तेही ‘नाही’ म्हणून लिहायचं, कारण पुढच्या माणसाला ते उघडं होतं की हरवलं होतं हे कळलं पाहिजे.

नाशिकच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, ते ठिकाण आमच्या प्रयोगशाळेपासून दूर नाही. पुरातत्त्वातले प्राणिअस्थींचे अभ्यासक गावातल्या जनावरांची वयं काढतात तीही याच टोप्यांवरून आणि दातांवरून. ज्यांना हे काम मनापासून शिकायचं आहे त्यांनी पुण्याला डेक्कन कॉलेजातला प्राण्यांच्या हाडांचा संदर्भसंग्रह पाहण्याची परवानगी मागावी. एका टेबलावर एकाच जातीचे लहानमोठे दंड शेजारी शेजारी मांडलेले पाहिले की वर मी दोन हजार शब्दांत जे सांगितलं ते दहा मिनिटांत डोळ्याला समजतं. आमच्या त्या कोल्ह्याच्या कवटीची चिठ्ठी आता बदलली आहे. जुनी चिठ्ठी मी फाडली नाही. ती त्याच डब्यात, नव्या चिठ्ठीच्या मागे लावलेली आहे, आणि नवीन मुलं आली की कवटीच्या आधी मी त्यांच्या हातात ती देतो.